रशीदकाका, तुमचं इंजिन आणि माझी बॅटरी

रशीदकाका,

एरंडेलाचा डाग कपड्यावरून कशानं जातो, हे तुम्हाला विचारायचं राहिलं. परवा रविवारी तुमच्या पिवळ्या विमानाचं इंजिन सुरू करताना माझ्या कुर्त्याच्या बाहीवर इंधनातलं तेल उडालं. साबण झाला, लिंबू झालं, शेजारच्या ताईंनी सांगितलं म्हणून बेसनसुद्धा झालं. डाग जागचा हलला नाही. तुम्हाला माहीत असणार. तुमचे सगळेच शर्ट तसले होते.

तुम्ही गेलात त्याचा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय. काल तुमच्या घरी गेले होते. नसीमकाकूंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांच्यावर काहीतरी लिही गं. तू ऑफिसात लिहितेस ना?" मी ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून लिहून काढते, हे त्यांना इतक्या वर्षांत पटलेलं नाही. त्यांच्या लेखी मी लेखिका. तेव्हा हे लिहितेय. चुका शोधायची सवय आहे, पण आज मला तुमच्या चुका लिहायच्या नाहीत. एकदोन निघतील. तेवढं चालवून घ्या.

मी पहिल्यांदा आपल्या विमानं उडवायच्या माळावर आले तो किस्सा तुम्ही नव्या माणसाला हटकून सांगायचात. तुमच्या बाजूनं तो मला पाठ आहे. माझ्या बाजूनं मी कधीच सांगितला नाही.

तेव्हा मी अकोल्याहून येऊन खराडीच्या एका कंपनीत लागले होते. मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "करून राहिली" निघालं की समोरचे दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसायचे. वाईट नव्हते ते, पण हसायचे. मग मी बोलणंच कमी केलं. संध्याकाळी कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटचं दार लावलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसातच तोंड उघडायचं. परत जायचं मी ठरवलं होतं, आईला सांगणं तेवढं बाकी होतं. त्याच सुमारास एका दुकानाच्या काचेत ते विमान दिसलं. फोमचं, बॅटरीवर चालणारं, रिमोटवर उडणारं. लहानपणी माझ्या भावाला तसलं हवं होतं. मला त्याच्याहून जास्त हवं होतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं. घेऊन टाकलं. पुण्यातून जाताना एवढं तरी सोबत नेऊ, असं काहीसं मनात होतं.

रविवारी सकाळी शहराबाहेर टेकडीखालच्या त्या माळावर आले, तर सगळे पुरुष. तुम्ही खाली बसून तुमच्या विमानाच्या इंजिनाची, इंधन कमीजास्त करायची सुई फिरवत होतात. माझ्या खोक्याकडे तुम्ही बराच वेळ बघितलंत.

"हे बॅटरीवरचं कोणी घ्यायला सांगितलं?"

"दुकानदारानं. सोपं असतं म्हणाला."

"कुकरही सोपा असतो. तो घेऊन कोणी माळावर येत नाही."

मला वाटलं, झालं, इथेही तेच. पण तुम्ही उठलात, हातांचं तेल पँटला पुसलंत आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिलात. ते विमान मला तुम्हीच उडवायला शिकवलंत, सगळा वेळ त्याला नावं ठेवत. ते पहिल्यांदा धड खाली आलं तेव्हा मी सगळं विसरून ओरडले, "उतरलं वो माय! थे पाहा, उतरलं न!"

माळावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. मी जीभ चावली.

"गाव कुठलं?" तुम्ही विचारलंत.

"अकोला."

"बरं. अकोला, विमान उतरलंय, पण तोंड उलट्या बाजूला करून. सरळ करा आणि परत उडवा."

त्या दिवसापासून मी माळावर 'अकोला' झाले. माझ्या विमानाला तुम्ही पोट धरून हसलात, पण माझ्या बोलण्याला एकदाही नाही. परत जायचं मी एका रविवारपुरतं पुढे ढकललं. मग आणखी एका. पुढे ढकलतेय हे विसरायलाही झालं. आज कोथरूडात माझं स्वतःचं घर आहे आणि मीटिंगमध्ये मला कोणी हसत नाही. हसलं तरी मला उत्तर देता येतं, आणि ते उत्तर कुठून शिकले हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. काका, मी निघाले होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "मग अडवून मी चूकच केली."

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं आणि ते कधी संपलं नाही. इंजिन की बॅटरी. बाहेरच्याला सांगितलं तर हसू येईल. दोन जाणती माणसं खेळण्यातल्या विमानांवरून दर रविवारी घसा कोरडा करतात! पण तुमच्यासाठी ते खेळणं नव्हतं आणि पुढे माझ्यासाठीही राहिलं नाही.

तुमचं म्हणणं ठरलेलं होतं. इंजिनाला जीव असतो. ते गरम होतं, रुसतं, हवा बदलली की सूर बदलतं. सुई एवढीशी फिरवली की त्याचं बोलणं बदलतं, आणि ते कान देऊन ऐकावं लागतं. टाकी भरली की दुसऱ्या मिनिटाला परत हवेत. माझी बॅटरी मात्र काही मिनिटांत संपते आणि मग मी गाडीशेजारी चार्जर लावून बसलेली, "दवाखान्यात सलाइन लावल्यासारखी."

माझंही ठरलेलं होतं. फ्लॅटमध्ये इंधनाचा डबा ठेवता येत नाही. धूर नाही, तेल नाही, आवाज नाही. बटण दाबलं की चालू. तुमची निम्मी सकाळ विमानाच्या नाकावरच्या पंख्याला बोटानं झटके देण्यात जाते, तेवढ्यात माझी तीन उड्डाणं होतात.

गंमत अशी, की विजेच्या मोटारीबद्दल माळावर तुमच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. मंडईमागच्या गल्लीत तुमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळलेले पंखे, पंप, मिक्सर, सगळे तुमच्याकडे यायचे. तुम्ही त्यांची काळी पडलेली तार उपसून नवी भरायचात. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, तुमचं पोट मोटारींवर चालतं आणि तुम्ही त्यांनाच शिव्या देता?"

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "आठवडाभर तांब्याची तार गुंडाळतो. रविवारी तरी तिचं तोंड बघायला लावू नका."

मग माझं बोट कापलं तो रविवार. मी बॅटरी जोडली आणि पर्सचा पट्टा रिमोटच्या वेगाच्या दांडीला अडकला. मोटार काही न सांगता फिरली आणि पंखा बोटावर बसला. इंजिन सुरू होताना खोकतं, धूर सोडतं, माणूस हात मागे घेतो. मोटार गप्प असते आणि एकदम फिरते. रक्त थांबेना. तुम्ही खिशातला रुमाल बोटाला गुंडाळलात, मला स्कूटरवर मागे बसवलंत आणि डॉक्टरांकडे नेलंत. टाके घालताना मी तुमच्याकडे बघत होते, की आता म्हणतील, आता म्हणतील. तुम्ही भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र बघत राहिलात. मला घरी सोडलंत, नसीमकाकूंना फोन करून माझ्यासाठी वांग्याची भाजी आणि भाकरी मागवून घेतलीत आणि गेलात.

पुढच्या रविवारी मी बोटाला पट्टी बांधून आले.

"बोट कसंय?"

"बरंय."

"दुखतं?"

"नाही."

"मग आता बोलू का?"

आणि तुम्ही अर्धा तास बोललात. पूर्ण आठवडा ते पोटात धरून ठेवायला तुम्हाला काय कष्ट पडले असतील, ते माझ्या आत्ता लक्षात येतंय.

यानंतरचं लिहायला मला थोडा वेळ लागला.

हिवाळ्यातली सकाळ होती. तुमचं पिवळं विमान वर चढत होतं आणि इंजिनाचा आवाज चिरका व्हायला लागला. इंधन कमी पडतंय आणि इंजिन तापतंय, हे माळावरच्या नवशिक्यालाही कळत होतं. तुम्ही मात्र विमानाचं नाक वर धरून चढवतच राहिलात. मी ओरडले, "काका, खाली घ्या!" तुम्ही वळला नाहीत. इंजिन बंद पडलं, विमान एका पंखावर कललं आणि पलीकडच्या ज्वारीत गेलं.

आपण दोघं शोधायला गेलो. बांधावर एक आजी खुरपं घेऊन उभ्या होत्या. "इमान तुमचंच हाय का? पडलंय बगा तकडं. माझी कणसं मोडली." तुम्ही त्यांची माफी मागितलीत, मोडलेली ताटं स्वतः बाजूला केलीत. आजी गेल्यावर तुम्ही तिथेच मातीत बसलात. हातात तुटलेला पंख होता.

"अकोला, मला ऐकू आलं नाही."

"वाऱ्यामुळे असेल."

"वारा नाही. डावा कान कधीच गेला. उजवाही चाललाय. दुकानात आयुष्यभर कानाशी मोटारी धरल्या, त्याचं असेल." मग पंखावरची माती झटकत म्हणालात, "माळावर कोणाला सांगू नका. मला शिकवायला लागतील."

मी सांगितलं नाही. पण तुमचं पिवळं विमान दुरुस्त होऊन आलं तेव्हा मी माझं खोकं उघडलंच नाही. तुमच्या उजवीकडे येऊन उभी राहिले. आपलं काही ठरलं नव्हतं. इंजिनाचा सूर चढला की मी तुमच्या कोपराला एक टिचकी मारायची, तुम्ही वेग कमी करायचात. सूर जड झाला की दोन टिचक्या. लोकांना वाटायचं, अकोला शेवटी इंजिन शिकायला लागली. खरंच लागले होते. तुमच्यासाठी ऐकायचं म्हणजे नीट ऐकावं लागायचं. चुकलं तर तुमचं विमान जाणार होतं. ज्या आवाजाला मी इतकी वर्षं कटकट म्हणत होते, त्याच्यात किती प्रकार आहेत ते मला तेव्हा कळलं. गार इंजिनाचं गुरगुरणं. उन्हं वर आल्यावरचं मोकळं होणं. टाकी संपत आल्यावरची ती जराशी घाई. तुम्ही मला हे कधी शिकवलं नाहीत. तुम्हाला गरज होती आणि मी हजर होते, तेवढ्यात ते झालं.

मग उजवा कानही गेला. काकूंच्या आग्रहानं तुम्ही यंत्र लावलंत. ते लावून माळावर आलात, इंजिन चालू केलंत आणि लगेच बंद केलंत.

"पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाटतं," तुम्ही म्हणालात. यंत्र काढून खिशात ठेवलंत. वर कोणाचं तरी इंजिनाचं विमान गिरक्या घेत होतं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. "आता सगळीच विमानं तुमच्या बॅटरीवाल्यासारखी झाली. मुकी."

मला वाटलं, आता तुम्ही येणार नाही. दोनतीन रविवार आला नाहीत. मी दुकानात आले तर तुम्ही वर न बघता काम करत होतात. मिक्सरची मोटार असेल असं मला वाटलं. जवळ गेले तर तुमच्या चिमट्यात लिंबाएवढी, विमानाची मोटार होती. तुम्ही तिच्या आतल्या एकेका लोखंडी दातावर केसासारखी तार गुंडाळत होतात. विकत मिळते ती मोटार तुम्हाला मान्य नव्हती. "कारखान्यात तार ढिली भरतात," एवढंच म्हणालात. जिचं तोंड बघायचं नव्हतं, तीच तार.

तुम्ही बॅटरीचं विमान बांधलंत. बॅटरी संपत आली की रिमोट हातात थरथरेल, अशी सोय मी करून दिली. तुम्हाला ऐकावं लागणार नव्हतं. तुम्ही ते उडवलंत त्या दिवशी माळावरचे सगळे आपापली विमानं खाली ठेवून बघत होते. विमान तुमच्या डोक्यावरून आवाज न करता गेलं, वळलं, पुन्हा गेलं. रिमोट थरथरला तसे तुम्ही दचकलात, मग हसलात, आणि विमान गवतावर असं ठेवलंत, की जणू हातानंच ठेवलं.

मग तुम्ही तुमचं पिवळं विमान उचललंत आणि माझ्या हातात दिलंत. "इंजिन पडून राहिलं तर गंजतं. तुम्ही चालवा."

मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढे म्हणालात, "किती धूर करतं हो ते. आणि ते तेल! लोकांना कसं काय आवडतं कळत नाही."

तिथून सगळं उलटं झालं. तुम्ही बॅटरीची बाजू घेतलीत आणि मी इंजिनाची, आणि आपण पहिल्यापेक्षा जोरात भांडायला लागलो. तुम्ही माझीच जुनी वाक्यं माझ्यावर फेकायचात. "एवढ्यात माझी तीन उड्डाणं झाली, अकोला!" मी पंख्याला झटके देत घामाघूम झालेली आणि तुम्ही खुर्ची टाकून बसलेले. मी तुमचीच वाक्यं परत करायची. त्यातलं एक वाक्य मी जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं, की इंजिनाला जीव असतो. तुम्ही कानाला हात लावून म्हणालात, "काय? ऐकू नाही आलं."

पण एक गोष्ट मी बघत होते. मी इंजिन सुरू करताना विमानाची शेपूट धरायला कोणीतरी लागतं. ते काम तुम्ही दुसऱ्या कोणाला करू दिलं नाहीत. दोन्ही तळहात लाकडावर सपाट टेकवून, डोळे मिटून बसायचात. सुई जराशी चुकली असेल तर डोळे न उघडता मान हलवायचात. मी फिरवायची. बरोबर जमलं की तुमच्या भुवया खाली यायच्या. तोंडानं तुम्ही मोटारीची बाजू मांडत होतात आणि हातांनी इंजिन ऐकत होतात. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तुम्ही शेपूट सोडली असतीत.

तुमची माझी शेवटची भेटही भांडणातच झाली. इंजिन कमी वेगावर टिकत नव्हतं म्हणून मी ते घेऊन दुकानात आले. तुम्ही त्याला हातही लावला नाहीत.

"फेकून द्या ते. मोटार बसवा. मी तार भरून देतो."

मी ओरडून, हातवारे करून विचारलं, "मग मला दिलंतच कशाला?"

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. काहीतरी सांगणार होतात, मला तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात एक बाई जळका मिक्सर घेऊन आल्या आणि घाईत होत्या. तुम्ही मला हातानं थांबवलंत. "रविवारी बोलू."

शुक्रवारी दुपारी दुकानातच, खुर्चीत बसल्याबसल्या गेलात. समोर कोणाचा तरी पंखा उघडून ठेवलेला होता. तुम्हाला नेलं तेव्हा मी नसीमकाकूंना धरून आतल्या खोलीत बसले होते. बाहेर माळावरचे सगळे आले होते. बॅटरीवालेही आणि इंजिनवालेही. काकू मध्येच म्हणाल्या, "रविवारच्या सकाळी मी आता काय करू?"  मी म्हटलं, "माझ्याबरोबर चला." त्या गेल्या दोन रविवारी आल्या. खुर्चीत बसतात, आम्हाला भाकऱ्या देतात आणि सगळ्याच विमानांना सारखंच नावाजतात. तुम्हाला ते अजिबात आवडलं नसतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. उत्तराच्या जागी बऱ्याच गोष्टी येऊन बसतात. गंजू नये म्हणून दिलंत. शेपूट धरायला मिळावी म्हणून दिलंत. किंवा समोरच्या बाजूला कोणीतरी हवं होतं, आणि तुम्ही तिथून उठल्यावर ती जागा रिकामी राहू नये, म्हणून. मी कुठलंही एक धरत नाही. मला ते दिलंत, एवढं पुरेसं आहे. या शहरात माझ्याशी भांडायला कोणीतरी दर आठवड्याला यायचं, वेळेवर यायचं, आणि भांडण झाल्यावर जेवायला घालायचं. असं किती जणांना मिळतं?

इंजिन मीच ठीक केलं, काका. नळीत बारीक चीर होती. तुम्हाला हात लावताक्षणी कळली असती.

परवाच्या रविवारी माळावर एक नवीन बाई आल्या होत्या, दातांच्या डॉक्टर. त्यांना पहिलं विमान घ्यायचं होतं. कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"इंजिनाचं घेऊ की बॅटरीचं?"

मी म्हटलं, बॅटरीचं घ्या. कारणंही सांगितली. फ्लॅटमध्ये ठेवायला सोपं, शिकायला सोपं, हात खराब होत नाहीत. फक्त बॅटरी जोडताना पंख्यापुढे बोट आणू नका. बोलून झालं आणि मी सवयीनं थांबले. आजूबाजूचे सगळेही थांबले होते. इतकी वर्षं इथे कोणी असं काही बोललं की तुम्ही ते तसंच सुटू द्यायचा नाहीत. यावेळी सुटलं. डॉक्टरबाईंनी मान हलवली, पर्स उचलली, निघाल्या.

ते मला बघवलं नाही. "थांबा," मी म्हटलं, आणि इंजिनाबद्दल बोलायला लागले. मग इंजिनाच्या विरोधात. मग परत बाजूनं. तुमचं म्हणणं मांडायचं होतं, पण तुमचं कुठलं, आधीचं की नंतरचं, ते मला ठरवता येईना. तेव्हा दोन्ही मांडलं. नसीमकाकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

डॉक्टरबाई गोंधळून म्हणाल्या, "अहो, म्हणजे नक्की घेऊ तरी काय?"

"आत्ता काहीच घेऊ नका. पुढच्या रविवारी या. दोन्ही उडवून बघा आणि मग माझ्याशी भांडा."

त्या म्हणाल्या, "भांडायला मला फार आवडतं. पण मी आधीच सांगते, इंजिनाचा तो वास मला सहन होणार नाही."

मी म्हटलं, "बसा."